कांडल्याच्या फाटकाबाहेरची टॅली

प्रति,
मा. अध्यक्ष आणि अधिकारीवर्ग, दीनदयाळ बंदर प्राधिकरण, कांडला (कच्छ)
तसेच मिठागरांचे भाडेपट्टेदार, जहाज एजंट आणि मालवाहतूकदार

विषय: वादळाच्या हंगामात बंदराच्या फाटकाबाहेर असणाऱ्या माणसांची नोंद ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी कार्गो सर्व्हेअर आहे. २००४ पासून कांडल्याला येतो. माझं काम एका वाक्यात सांगायचं तर जहाजात किती टन माल चढला किंवा त्यातून किती उतरला, ते ठरवून कागदावर सही करणं. हिशेब मी दिवसभर इंग्रजीत करतो, पण मनातलं मराठीतच लिहिता येतं, म्हणून हे पत्र मराठीत. गुजराती आणि हिंदी प्रत स्वतंत्रपणे पाठवतो आहे.

आधी माझ्या कामाबद्दल चार ओळी, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पन्नास हजार टनांचं जहाज तोलायला काटा कुठून आणणार? जहाजच काटा. रिकामं असताना ते पाण्यात किती बुडालंय ते वाचायचं, माल भरल्यावर पुन्हा वाचायचं. नाळेशी दोन्ही बाजूंना, मध्यावर दोन्ही बाजूंना, मागे दोन्ही बाजूंना, असे सहा आकडे. जेटीकडचे तीन जेटीवरून वाकून दिसतात. पाण्याकडच्या तिघांसाठी लाँच घ्यावी लागते किंवा दोराच्या शिडीवरून लोंबकळावं लागतं. लाट वर जाते, खाली येते, तुम्ही डोळे बारीक करून मधला आकडा पकडता. मग बादलीने खाडीचं पाणी वर ओढून त्यात हायड्रोमीटर सोडायचा, कारण पाणी जड की हलकं यावर जहाज किती बुडणार ते ठरतं. कांडल्याचं पाणी उन्हाळ्यात उघड्या समुद्रापेक्षाही खारट होतं. तो फरक धरला नाही तर वजन चुकतं. नंतर बॅलास्टच्या (जहाज स्थिर राहावं म्हणून भरलेल्या पाण्याच्या) एकेका टाकीत माप सोडून पाणी मोजायचं, इंधन मोजायचं, पिण्याचं पाणी मोजायचं, ते सगळं वजा करायचं. एवढं करून अर्ध्या टक्क्याची चूक माफ असते. पन्नास हजार टनांवर अर्धा टक्का म्हणजे अडीचशे टन, आणि त्या अडीचशे टनांवरून दोन देशांतले वकील वर्षभर भांडतात. मी पाहिलेत.

मिठाचं जहाज तर माझ्या डोक्याला वेगळाच ताप. मीठ भरायच्या आधी होल्डच्या, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कोठाराच्या, पोलादी भिंतींना चुना फासतात, नाहीतर मीठ पोलाद खातं. मग मिठातलं पाणी वाटेत झिरपत झिरपत तळाशी जातं, पंपाने समुद्रात जातं, आणि पलीकडच्या बंदरात वजन कमी भरतं. ते कमी का भरलं, किती भरायला हवं होतं, ओलावा किती टक्के होता, याची पत्रं माझ्याकडे दोन-दोन वर्षं येत राहतात. चीनला गेलेल्या मिठातलं पाणी कुठे गेलं, याचासुद्धा आपल्याकडे हिशेब असतो.

आता मुद्दा.

९ जून १९९८ च्या वादळात कांडल्यात किती माणसं मेली?

मी हा प्रश्न बावीस वर्षांत जेटीवर, चहाच्या टपरीवर, गांधीधामच्या हॉटेलात, लाँचवर अनेकांना विचारला. एकसारखं उत्तर दोनदा मिळालं नाही. सरकारी आकडा हजाराच्या थोडा पुढे जाऊन थांबतो. बेपत्ता म्हणून नोंदले गेलेले त्याहून जास्त. आणि जे तिथे होते ते दहा हजारांपर्यंत बोलतात. म्हणजे एका आकड्यात आणि दुसऱ्यात दसपट अंतर. माझ्या धंद्यात असा सर्व्हे कोणी दिला तर त्याचं लायसन्स जाईल.

लोक आकडे फुगवतात, सरकारं लपवतात, हे दोन्ही मला माहीत आहे. पण कांडल्याच्या बाबतीत गोष्ट त्याहून साधी असावी असं मला वाटतं. मेलेले मोजता आले नाहीत, कारण जिवंत असताना ते कोणी मोजलेच नव्हते. खाडीकाठच्या झोपड्यांत राहणारे हमाल, लाकडाच्या वखारीतले रोजंदार, मिठागरांतले अगरिया आणि त्यांची बायकापोरं, जेटीवर माल उतरवायला आलेले ट्रकवाले. बाहेरच्या राज्यांतून आलेले, ठेकेदाराच्या ठेकेदाराकडे लागलेले. कुठल्याच मस्टरवर नाव नाही, मग बेपत्ता तरी कोणाला म्हणायचं?

कच्छचं आखात नकाशावर पाहिलं तर नरसाळ्यासारखं दिसतं. तोंड अरबी समुद्राकडे, आणि निमुळत्या टोकाशी कांडला. तोंडाशी ओख्याला उधाणाची भरती साडेतीन मीटरच्या आसपास चढते. तीच भरती आत येता येता दाबली जाते आणि कांडल्याला साडेसहा मीटरच्या वर जाते. हे रोजचं, शांत हवेतलं. यात वादळाने ढकललेलं पाणी मिसळलं की काय होतं ते १९९८ ने दाखवलं. वादळ सकाळी पोरबंदरच्या बाजूने जमिनीवर आलं आणि तिथून कच्छकडे सरकलं. कांडल्याभोवती उंच म्हणावं असं काही नाही. चिखल, चेरची झाडं (आपण तिवर म्हणतो ती), आणि मैलोन्‌मैल आरशासारखी सपाट मिठागरं. मिठागर सपाटच असावं लागतं, त्याशिवाय पाणी सारखं पसरत नाही. तिथे सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे मिठाचा ढीग. पाणी आलं तर माणसाने चढायचं कुठे?

आणि महिना जून. मिठाचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होऊन पावसाच्या तोंडावर संपतो. म्हणजे ९ जूनला माणसं अजून आगरातच होती, पाऊस पडायच्या आत मीठ उचलायच्या घाईत.

हवामान खात्याचा इशारा बंदराला मिळाला होता, तो मिठागरांपर्यंत आणि झोपड्यांपर्यंत पोचला नाही, असा आरोप तेव्हापासून होत आला आहे. कोणी काय करायला हवं होतं याचा निवाडा मी करणार नाही, मी तेव्हा तिथे नव्हतो. पण त्या इशाऱ्याची भाषा मला येते, आणि ती भाषाच मुळात कोणासाठी आहे हे मला तुमच्यापुढे ठेवायचंय.

बंदराचा बावटा ही जहाजांची भाषा आहे. दिवसा शंकू आणि पिंप, रात्री लाल-पांढरे दिवे, एक ते अकरा नंबर. एक आणि दोन म्हणजे लांब समुद्रात काहीतरी शिजतंय. तीन आणि चार म्हणजे बंदरालाच त्रास होऊ शकतो. पाच, सहा, सात म्हणजे धोका, आणि आठ, नऊ, दहा म्हणजे मोठा धोका. पण आठापेक्षा नऊ जास्त वाईट, असं नाही. वादळ बंदराच्या कुठल्या अंगाने जाणार ते त्यातून कळतं आणि दहा म्हणजे थेट अंगावर किंवा अगदी जवळून. अकरा नंबर तर वादळाचा नव्हेच. त्याचा अर्थ, हवामान खात्याशी संपर्क तुटला आहे. कप्तानाला हे सगळं उपयोगाचं, कारण वारा कुठून फिरणार ते कळलं की तो नांगर उचलायचा की सोडायचा ते ठरवतो. मिठागरातल्या बाईला याचा उपयोग काय?

मला हे शहाणपण उशिरा सुचलं आणि तेही लाजिरवाण्या रीतीने. सांगतो.

२०१९ चा जून. ‘वायू’ वादळ अरबी समुद्रात उठलं होतं आणि गुजरातकडे निघालं होतं. मी एका खताच्या जहाजाच्या कामाला आलो होतो. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला ट्रकांची रांग लागलेली, आणि एका ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटवून ड्रायव्हर बटाटे चिरत होता. राजस्थानचा होता, पन्नाशीचा. क्लीनर पोरगा टायरला पाठ लावून झोपलेला. मी माझ्या गाडीची वाट पाहत उभा. रेडिओवर की मोबाइलवर त्याने काहीतरी ऐकलं असावं. मला म्हणाला, “साहब, ये दो नंबर का सिग्नल बोल रहे हैं. दस में से दो ही ना? कम ही हुआ.”

परीक्षेत दहापैकी दोन मार्क, तसं.

मी त्याला सांगायला हवं होतं की हे मार्क नाहीत. दोनचा अर्थ, वादळ तयार झालंय, फक्त अजून लांब आहे. एव्हाना माझ्या फोनवर एजंटचा निरोप आला होता की काम थांबणार, जहाज बाहेर काढायची तयारी चाललीय, तुम्ही गांधीधामला निघा. माझी खोली ठरली होती. मी काय म्हणालो? “हां, अभी तो दूर है.” गाडी आली, बसलो, निघालो. पाठीमागे स्टोव्हची निळी ज्योत दिसत राहिली तेवढी आठवते.

दुसऱ्या दिवशी बंदर परिसरातल्या लोकांना हलवायला सुरुवात झाली, आणि पुढे ‘वायू’ वळून समुद्रातच गेलं. काही झालं नाही. त्या ड्रायव्हरचं नाव मी विचारलं नव्हतं. काही झालं असतं तर तो कोणत्या यादीत सापडला असता? ट्रकचा नंबर सापडला असता. चलनावर खताच्या गोणी सापडल्या असत्या, मोजून.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरा एक इशारा आला. हरामी नाला या सरहद्दीवरच्या खाडीच्या बाजूने पाकिस्तानातून प्रशिक्षित घुसखोर आखातात शिरल्याची खबर आहे, सगळ्या बंदरांनी सावध राहावं. तो इशारा कसा पोचला बघा. फाटकावर, जेटीवर, जहाजाच्या शिडीपाशी, एजंटांच्या कचेऱ्यांत. मी आत जाताना पिशवी तीनदा उघडली, हायड्रोमीटरची काचेची नळी हे कसलं यंत्र म्हणून दोघांना समजावून सांगितली. त्रास झाला, पण तक्रार नाही. सरहद्दीच्या जिल्ह्यातलं बंदर आहे, असंच हवं. आत आलेल्या प्रत्येकाचं नाव, फोटो, पास, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. परदेशी खलाशी चहा प्यायला गावात गेला तरी त्याची नोंद.

म्हणजे यादी करणं तुम्हाला जमतं. फार चांगलं जमतं. संशय असला की माणूस न माणूस मोजता येतो. माझं म्हणणं इतकंच की तीच वही घेऊन फाटकाच्या बाहेर शंभर पावलं या.

“बाहेरचे लोक आमची जबाबदारी नाहीत” असं उत्तर येईल, म्हणून आधीच दोन गोष्टी सांगून ठेवतो. एक, मिठागरांची बरीचशी जमीन बंदराचीच आहे, भाडेपट्ट्याने दिलेली. भाडेकरूच्या आगरात कोण राबतं ते मालकाने विचारलं तर त्यात गैर काही नाही. भाडं किती थकलंय ते विचारतोच की आपण. दुसरी, रस्त्यावरचा ट्रक तिथे हौसेने उभा नसतो, तुमच्या जेटीवर जागा नसते म्हणून उभा असतो. १३ मे २०२२ ला केंद्राने गव्हाची निर्यात एकाएकी थांबवली, तेव्हा कांडल्याबाहेर हजारो ट्रक अडकले. मी तेव्हा दोन जहाजांवर होतो. एक अर्धं भरून थांबलेलं, एक रिकामं. किती टन गहू अडकला, कोणत्या जहाजात किती, कोणत्या गोदामात किती, हे मला विचारायला दिवसाला दहा फोन येत. ट्रकांचे आकडे बातम्यांत वाचले. दर ट्रकमागे एक ड्रायव्हर आणि बहुतेकदा एक क्लीनर, हा गुणाकार आपला आपण करायचा. कच्छचा मे महिना, सावली म्हणजे ट्रकची तेवढी, आणि हा दिवस-आठवड्यांचा मुक्काम. गव्हाच्या आदेशाचं मी काही बोलत नाही, तो माझा विषय नाही. पण विचार करा, त्या रांगा लागलेल्या असताना, मेच्या शेवटी, एखादं वादळ आखातात शिरलं असतं तर? आदल्याच वर्षी मे महिन्यातच ‘तौक्ते’ गुजरातवर आलं होतं.

तुमचं बंदर कशासाठी झालं ते तुम्हाला मी सांगणं म्हणजे आगाऊपणा, तरी सांगतो, कारण त्याचा या पत्राशी संबंध आहे. फाळणीत कराची पलीकडे गेलं आणि राजस्थान, पंजाब, दिल्लीकडच्या मुलखाचं समुद्राचं दार बंद झालं. दुसरं दार शोधायला १९४८ मध्ये कस्तुरभाई लालभाईंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तिने कांडल्यावर बोट ठेवलं. १० जानेवारी १९५२ ला नेहरूंनी पायाभरणी केली, १९५५ मध्ये प्रमुख बंदराचा दर्जा मिळाला. त्याच सुमाराला शेजारी गांधीधाम वसत होतं. कच्छच्या महारावांनी दिलेल्या १५ हजार एकर जमिनीवर, भाई प्रताप आणि त्यांच्या सिंधू पुनर्वसन महामंडळाच्या खटपटीतून, सिंधमधून घरदार टाकून आलेल्यांसाठी. आज ज्या गावात आम्ही सर्व्हेअर लोक एसी खोलीत झोपतो, ते गाव एका रेषेने बेघर केलेल्या माणसांचं आहे. ही रेषा आखली गेली नसती तर इथे इतक्या घाईने एवढं मोठं बंदर बांधायचं कारणच नव्हतं. आधी होती ती महारावांची एक जेटी.

त्या गावात राहून, आलेल्या माणसाची नोंद ठेवा म्हणून सांगावं लागावं, याचं मला थोडं आश्चर्य वाटतं. असो.

बंदर कणखर आहे, यात शंका नाही. १९९८ नंतर तीन वर्षं होत नाहीत तोच २६ जानेवारी २००१ चा भूकंप आला. जेटीजवळची खांबांवर उभी असलेली बंदर आणि कस्टमची इमारत खालची माती पातळ होऊन कलली. मी पहिल्यांदा आलो तेव्हा तिच्याकडे सगळे अजून बोट दाखवत. त्यानंतर बंदर जे उठलं ते आजवर थांबलेलं नाही. २०२४-२५ मध्ये वाडिनारच्या तुमच्या तेल-धक्क्यावरचं तेल धरून तुम्ही १५ कोटी टनांच्या वर माल हाताळला. त्यातल्या काही लाख टनांवर माझी सही आहे आणि ती मी अभिमानाने करतो. न्यूझीलंडहून आलेले पाइनचे ओंडके, खत, खाद्यतेल, कोळसा, मीठ. टन वाढले तसे ट्रक वाढले, हमाल वाढले, वखारी वाढल्या. वादळाच्या वाटेत उभी असलेली माणसं वाढली.

आणि २०२३ मध्ये तुम्ही सगळ्यांनी मिळून दाखवून दिलं की हे जमतं. ‘बिपरजॉय’ १५ जूनच्या संध्याकाळी जखौजवळ जमिनीवर आलं, त्याच्या आधी बंदर बंद झालं होतं, जहाजं बाहेर गेली होती, किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांतली लाखभर माणसं हलवलेली होती. १९९८ आणि २०२३ शेजारी ठेवले तर फरक जमीन-अस्मानाचा आहे आणि त्याचं श्रेय द्यायला मला कंजुषी करायची नाही. मात्र ‘बिपरजॉय’ने वेळ किती दिला ते आठवा. ६ जूनला तयार झालेलं वादळ दहा दिवस समुद्रात रेंगाळत होतं. टीव्हीवर रोज त्याचा नकाशा. दहा दिवसांत यादी नसली तरी चालतं, गाड्या घेऊन फिरत राहिलं की माणसं गोळा होतात.

पुढच्याच वर्षी, २०२४ च्या ऑगस्टअखेर, ‘आस्ना’ आलं. ते समुद्रावरून आलंच नाही. जमिनीवरून, पाऊस पाडत पाडत कच्छवर आलं आणि तिथून समुद्रात उतरता उतरता त्याचं चक्रीवादळ झालं. जमिनीकडून समुद्राकडे! एवढी वर्षं जहाजांवर काढून मी असं पाहिलं नव्हतं. ते आपल्यापासून लांब गेलं, म्हणून ठीक. पण दहा दिवसांची मुदत मिळेल हे गृहीत धरून आखलेली व्यवस्था किती दिवस पुरेल?

तेव्हा मागणं असं आहे.

मिठागरांचे भाडेपट्टे करताना आणि नवे करून देताना त्यात एक अट घाला. आगरात मुक्कामाला असलेल्या प्रत्येक माणसाचं नाव, बायकामुलांसकट, दर पंधरवड्याला बंदराकडे यावं. मजुरांची नावं देताना ठेकेदार कुरकुरतील, कारण नाव दिलं की किमान वेतन, विमा, सगळंच मागे लागतं. कुरकुरू द्या. हे वाचत असलेल्या भाडेपट्टेदारांना मी वेगळं सांगतो: तुमचं मीठ मी किलोपर्यंत मोजून देतो, त्याच्या बिलात तुम्ही कधी कुरकुरला नाहीत.

ट्रकांसाठी याहून सोपं आहे. वाहनाचा नंबर कागदावर येतोच, तिथेच ड्रायव्हर आणि क्लीनरचं नाव आणि घरचा एक फोन नंबर येऊ द्या, आणि ही नोंद ट्रक आत शिरल्यावर नको, रांगेला लागल्यावर व्हावी. वाहतूकदारांनी मनात आणलं तर हे महिन्याभरात होईल.

मग इशारा. तो बावट्याच्या नंबरात देऊ नका. नंबर जहाजांना द्या. माणसांना ठिकाण आणि वेळ सांगा: “आज संध्याकाळी सहाच्या आत अमुक शाळेत पोचा, चार वाजता अमुक नाक्यावर बस येईल.” हिंदीत सांगा, गुजरातीत सांगा, कच्छीत सांगा, आणि त्या हंगामात ज्या मुलखाची माणसं आगरात असतील त्यांच्या बोलीत सांगा. ती कुठली हे यादी असली की आपोआप कळेल. ठिकाण ठरवताना तुमच्यापैकी एकाने आगराच्या टोकापासून तिथवर स्वतः चालून बघावं, पायात रबरी बूट घालून, कडेवर पोर घेऊन. आगरातला चिखल पाय धरतो. मी एकदा मिठाचा नमुना घ्यायला पाळीवरून घसरून आत पडलो, तर बाहेर यायला मला दोघांचा हात धरावा लागला, आणि तो दिवस ऊन-वाऱ्याचा, शांत होता.

शेवटचं म्हणजे वादळ गेल्यावर ती यादी घेऊन हजेरी घ्या. किती नेले, किती परत आले. आकडा जुळला तर छानच. नाही जुळला तर निदान कोणाला शोधायचं ते ठाऊक असेल.

यात खर्च असा काहीच नाही. माणूस लागेल, तर सर्व्हेअर आणि टॅली क्लार्क (मालाची मोजदाद करणारे कारकून) मंडळींत मे-जूनमध्ये बिनपैशाचं काम करायला तयार होतील असे आठ-दहा जण मी आजच देऊ शकतो. आम्हाला मोजण्यावाचून दुसरं येत नाही. टॅलीशीट मी आखून या पत्राच्या टपालाच्या प्रतीला जोडलं आहे. रकाने सहा: नाव, गाव, सोबत कोण, कोणाकडे काम, मुक्काम कुठे, घरचा फोन. सहीच्या जागी अंगठा चालेल.

मी पुढच्या आठवड्यात मिठाच्या जहाजाला येतो आहे. भरायला चार-पाच दिवस लागतील. पहिला आणि शेवटचा ड्राफ्ट (जहाज किती बुडालंय त्याचे आकडे) घेतला की मधले दिवस मी मोकळाच असतो. त्या दिवसांत कोणी भेटीची वेळ दिली तर वही-पेन्सिल घेऊन हजर होतो. नाही दिली, तर जेटीच्या रस्त्यावरच्या पहिल्या पार्किंगपासून मी माझ्यापुरती सुरुवात करेन. ट्रकवाल्यांना नाव विचारायचं मला एकदा राहून गेलंय.

आपला नम्र,
एक कार्गो सर्व्हेअर